बुरशीला साखर

कारखान्यात तिला सगळेच आत्या म्हणत. काचेच्या चंबूंनी भरलेल्या खोलीत ती रोज सकाळी शिरायची आणि हात पसरून विचारायची, "उठलात का रे बाळांनो?" त्यावरून कुणीतरी थट्टेत हे नाव पाडलं आणि ते तिच्या अंगाला चिकटलं.

बाळं म्हणजे बुरशी. मळणीनंतर उरलेलं गव्हाचं काड गाड्या भरभरून यायचं. ते कापायचं, वाफेवर शिजवायचं आणि टाकीत बुरशीनं सोडलेला रस त्यावर ओतायचा. साहेब त्याला एन्झाइम म्हणत. आत्या आपली रसच म्हणायची. तो रस काडाला असा काही कुरतडायचा की टाकीतून गोड पाणी उतरायचं. लोक जे जाळून टाकतात, त्याची साखर! इतकी वर्षं झाली तरी आत्याचं नवल सरलं नव्हतं. नव्या माणसाला टाकी दाखवताना ती झाकण असं उचलायची, जणू तिसरी घंटा झाली आणि पडदा वर जातोय.

पण या बुरशीला लाड सोसत नाहीत. काडावर ठेवली की ती हिरवट, खरबरीत दिसते आणि झटून रस सोडते. साखर चारली की कापसासारखी पांढरीशुभ्र फुगते आणि काम बंद. "ताट वाढून समोर आलं, तर चूल कोण पेटवेल?" हे साहेबांनी आत्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं आणि आत्यानं धाकटीला.

धाकटी म्हणजे तिची धाकटी जाऊ. दिराचं काम सुटलं तेव्हा आत्यानंच साहेबांकडे शब्द टाकून तिला इथं आणलं. दिव्याच्या ज्योतीजवळ चंबूचं तोंड कसं उघडायचं, श्वास रोखून बुरशीचं विरजण काडावर कसं टेकवायचं, सगळं हाताला धरून शिकवलं. दोघी एकाच घरातून निघायच्या, एकाच डब्यातून जेवायच्या. वरचा कप्पा धाकटीचा, खालचा आत्याचा.

"अशा जावा आम्ही नाटकातसुद्धा पाहिल्या नाहीत," बॉयलरवाला म्हणायचा.

"तिकीट काढून बघ की मग," आत्या म्हणायची.

मग आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. खोलीची किल्ली तिनं धाकटीच्या हातावर ठेवली.

"काळजी सोडा हो ताई. तळहातावरच्या फोडासारखी जपीन तुमची बाळं."

आत्या परत आली ती काळा चष्मा लावून. बॉयलरवाल्यानं दारातच गाठलं. "आत्या, काय बाळसं धरलंय तुमच्या पोरांनी! कारखाना पाहायला आलेले पाहुणे तर बघतच राहिले. त्यांनी सगळ्यांदेखत धाकटीची पाठ थोपटली."

आत्या तशीच पुढे निघाली. खोलीत जाऊन तिनं चष्मा काढला. चंबूत पांढरा कापूस. हिरवा ठिपकासुद्धा नाही. तेवढ्यात टाकीवरून निरोप आला: काड जसंच्या तसं, गोडीचा पत्ता नाही.

तिनं धाकटीला आत बोलावून दार लोटून घेतलं. "धाकटे, काय घातलंस?"

"काही नाही."

"मी ओरडत नाहीये. खरं सांग."

धाकटीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पाहुणे येणार होते, ताई. किती मरतुकडं दिसत होतं सगळं. जरा बरं दिसावं म्हणून साखर घातली."

"बरं. साहेबांना हेच सांगू, दोघी मिळून. बोलणी खाऊ. फ्रीजरमधलं मूळ विरजण काढू आणि नव्यानं लावू. काय?"

धाकटीनं मान डोलावली.

साहेब आले ते घुश्शातच. "अख्खी टाकी वाया गेली. इथली किल्ली कुणाकडे ठेवायची, ते मी आज ठरवणार आहे. साखर कुणी घातली?"

आत्यानं धाकटीकडे पाहिलं. समोरची नटी वाक्य विसरली की आपण नजरेनंच धीर देतो ना, तसं. सांग त्यांना, मी आहे इथं.

धाकटीनं तोंड उघडलं. "मीच घातली, साहेब. पण ताईंनी जाताना सांगितलं होतं. म्हणाल्या, बाळं अशक्त झालीत, थोडी साखर दे त्यांना."

बाळं! तिचाच शब्द, तिच्याच सुरात. तिच्याशिवाय कोण असं बोलतं इथं? दारात उभ्या बॉयलरवाल्यालाही ते पटलं. त्यानं मान खाली घातली.

"मी नाही म्हटलं असं," आत्या म्हणाली. रोज दोन खोल्यांपलीकडे ऐकू जाणारा तो आवाज कुठं गेला कोण जाणे. "साहेब, आत्ता याच खोलीत हिनं..."

धाकटी हुंदके देऊन रडायला लागली.

साहेब काही वाईट नव्हते. आवाज मऊ करून ते म्हणाले, "आत्या, ऑपरेशनच्या गडबडीत बोलून गेला असाल. जीव जास्त लावता तुम्ही. आणि आता डोळ्यांनाही आराम हवाच. थोडे दिवस अंगणात बसा, काड भिजवायला."

किल्ली धाकटीकडेच राहिली.

आत्या अंगणात बसून काड भिजवू लागली. घरात याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. बोलली असती तर दोन भावांत भिंत उभी राहिली असती. दोघी सकाळी निघत अजून एकत्रच, पण चालत एकीमागे एक.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत धाकटी अंगणात आली. हातात तोच दोन कप्प्यांचा डबा.

"ताई, नवं विरजण धरेना. काडावर टेकवलं की काळपट पडतंय. काय करू?"

आत्यानं भिजवलेलं काड मुठीत घेऊन दाबलं. बोटांतून पाणी ठिबकलं. "एवढं ओलं नको. मुठीत दाबल्यावर थेंब पडता कामा नये. वाफवून पुरतं गार होऊ दे, मगच टेकव. आणि सारखं उघडून बघू नकोस." तिनं काही म्हणता काही हातचं राखलं नाही. बुरशीचा काय दोष?

धाकटीचा चेहरा खुलला. "चला ना आत. तुमचाच हात लागू दे. बाळं तुमची वाट..."

"बाळं म्हणू नकोस त्यांना."

धाकटी मग शेजारी बसली, डबा सोडला, खालचा कप्पा आत्यापुढे सरकवला. आत्यानं पिशवीतून आपला डबा काढला. नवा, एकाच कप्प्याचा. झाकण घट्ट होतं, निघेना. धाकटीनं सवयीनं हात पुढे केला.

आत्यानं डबा मांडीवर ओढून घेतला आणि नखं लावून स्वतःच उघडू लागली.