हुसेनबीनं दिलेली नावं

आमच्या पाटीवर 'कुटुंब व जीवननीती संशोधन केंद्र' असं लिहिलंय. कोल्हापूरच्या शाहूपुरीत एका स्पेअर पार्टच्या दुकानाच्या डोक्यावर आम्ही बसतो. विद्यापीठ कॅथलिक, तिकडं लांब दक्षिणेला. त्याची अशी बरीच केंद्रं आहेत. कुठं पाण्यावर काम चालतं, कुठं मजुरांवर. आमच्या वाट्याला आल्या मुलगी नको म्हणून पोट पाडलेल्या बायका. मी तिथं टायपिस्ट. बारा वर्षं दुसऱ्यांची दुःखं बडवून पगार घेतोस, असं बायको म्हणते, आणि ती खोटं बोलत नाही.

पहिलं वर्ष सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पुण्याच्या दोन शिकलेल्या मुली प्रश्नावली घेऊन खेड्यात जायच्या आणि चहा पिऊन परत यायच्या. "आमच्यात तसलं काय न्हाय, पावणं," एवढं एकच उत्तर. मग केंद्राचे संचालक फादर रुमाव यांनी हुसेनबी मणेरला बोलावून घेतलं. (ही गोष्ट ज्या गावची, त्याचं नाव मी सांगणार नाही. माणसांची नावंही बदलली आहेत.)

हुसेनबी बांगड्या भरायची. बिद्रीच्या आसपासची दहा-बारा गावं तिची. नवरा लवकर गेलेला, एकच मुलगी शबनूर, ती नेसरीला दिलेली. शिक्षण चौथी, जीभ मिरचीसारखी. पहिल्या दिवशी ती मला पावणं म्हणाली आणि पुढं अकरा वर्षं पावणंच म्हणत राहिली. नाव विचारायची तिला गरज वाटली नाही.

बांगडी चढवायची तर हात आधी मऊ करावा लागतो. अंगठ्याखालचं हाड दाबत बसायचं. तेवढा वेळ बाईचा हात हुसेनबीच्या हातात, आणि दोघींची नजर मनगटावर. "तोंडाकडं बघितलं की बाई लपवतीया," ती मला म्हणाली होती. "हाताकडं बघत ऱ्हायलं की आपसूक बोलतीया." केंद्रासाठी बोलतेय हे ती प्रत्येकीला आधी सांगायची, तुझं नाव कुठं जाणार नाही हेही सांगायची. कागद पुढं केला की बायका हात काढून घ्यायच्या, म्हणून फादरांनी तोंडी होकार पुरेसा मानला. संध्याकाळी ती ऑफिसात येऊन सगळं तोंडपाठ म्हणायची, मी टाइप करायचो.

फादरांचा नियम कडक होता. खरं नाव ऑफिसातसुद्धा येता कामा नये. हुसेनबीनं बदललेलं नाव सांगायचं, मी ते टाइप करायचं. आणि बाहेरच्या कुणी विचारलं, ही अमकीच का, तर हो म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही. नियम चांगलाच होता. हुसेनबी ही नावं आणते कुठून, हे मात्र आम्ही दोघांनीही कधी विचारलं नाही. फादर मोठे विद्वान आणि मी मोठा आळशी.

दोन वर्षांपूर्वी विद्यापीठानं ठरवलं की संशोधन लोकांना परत द्यायचं. मराठीत पुस्तिका निघाली आणि गावोगावच्या बचत गटांत वाटली गेली. शेवटच्या पानावर बारीक टाइपात होतं, 'सर्व नावे बदलली आहेत.' शेवटचं पान वाचतो कोण!

महिन्याभरात एक मुलगी आमचा जिना चढून आली. प्रियदर्शनी नाव, वय एकोणीस, कोल्हापुरात बीएस्सीला. तिनं पुस्तिका माझ्या टेबलावर उघडी ठेवली. पान मीच टाइप केलेलं, वर तिच्या गावाचं नाव. 'अक्काताई सांगते : तीनदा रिकामी झाले. चौथ्या खेपेला दवाखान्याचं सोनोग्राफीचं मशीन सरकारनं सील केलं, म्हणून ही पोरगी राहिली.'

"अक्काताई माझी आई," ती म्हणाली. "मी दहा वर्षांची असताना गेली. ताप आला होता. आता गाव म्हणतंय ताप कसला, ते पोट पाडण्यातच गेली. अक्काताई आमच्या गावात एकच होती. आणि मी एकटीच. मशीन सील झालं म्हणून राहिलेली मी का?"

फादर केबिनमधून बाहेर आले. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि नियम सांगितला. तिनं विचारलं, "म्हणजे हो?" ते म्हणाले, "आम्ही होही म्हणू शकत नाही, नाहीही." माणूस वाईट नव्हता, सांगताना त्यांचा आवाज कापत होता. पण त्या मुलीला त्या आवाजात फक्त हो ऐकू आलं. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं आणि मी मान खाली घातली.

तेवढ्यात हुसेनबी आली. मुलीला तिनं ओळखलं, आणि पुस्तिकेतलं नाव वाचून ती भिंतीला टेकून खाली बसली.

"तुझ्या आईचं न्हाय हे, बाळ. अल्लाची शपथ. मी निस्तं नाव घेतलं तिचं. जित्या बाईचं नाव दिलं तर तिला लागंल, म्हून मेल्यालीचं दिलं. मेल्यालीला काय लागतंय, असं वाटलं मला."

तिनं सगळी नावं अशीच दिली होती. ज्या गावची बाई, त्याच गावच्या मेलेल्या बायकांची. माया म्हणून दिली होती, एवढं कळण्याइतकी अक्कल मला आहे.

"मग हे कुणी सांगितलं?" प्रियदर्शनीनं विचारलं.

हुसेनबीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"माझे वडील पण म्हणतात तसं काही नव्हतं. बाप दुसरं काय म्हणणार? आणि तुम्ही तरी दुसरं काय म्हणणार? नाव फुटू द्यायचं नाही, असंच ठरलंय ना तुमचं?"

ती गेली. तिचे वडील तात्यासो साखर कारखान्यात होते; कामावर लोक त्यांना ऐकू जाईल असं बोलायचे, म्हणून त्यांनी डबासुद्धा एकट्यानं खायला सुरुवात केली होती. पोरगी सुटीलाही घरी जात नव्हती.

तिसऱ्या दिवशी हुसेनबी म्हणाली, "पावणं, गाडी काढा." मी तिला त्या गावात नेलं. निळ्या दाराच्या एका घरासमोर उतरून ती आत गेली. मी रस्त्यावर थांबलो, पण दार उघडं होतं आणि कोल्हापुरी बाई हळू बोलत नाही.

"एकदा त्या पोरीला एकटीला भेट आणि सांग, मी हाय ती म्हून," हुसेनबी विनवत होती. "कुणाला कळायचं न्हाय."

"मला बी एक पोरगी हाय, हुसेनबी. तिला कळलं तर? त्या पोरीची आई मेली, सुटली. माझ्या पोरीची आई जिती हाय. हिला मी तोंड कसं दावू?" मग ती बाई रडायला लागली. "तू म्हणालीस नाव जायाचं न्हाय. माझा हात धरून म्हणालीस."

हुसेनबी बाहेर आली. मला त्या बाईचा राग आला होता. आता येत नाही. ती खोटं काय बोलली होती?

दुसऱ्या दिवशी हुसेनबीनं प्रियदर्शनीला निरोप धाडून ऑफिसात बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर सांगितलं, "त्ये माझं सवताचं हाय, बाळ. तीनदा मीच रिकामी झाले. शबनूर तेवढी ऱ्हायली. लाज वाटली म्हून तुझ्या आईच्या नावावर घातलं. जा, गावात सांग. माझं नाव घेऊन सांग."

पोरीनं यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या तोंडानं स्वतःला काळं फासणारं माणूस खोटं बोलत असेल, असं कुणाला वाटत नाही. ती हुसेनबीच्या पायाशी बसून ढसाढसा रडली. रडता रडता म्हणाली, "आईला मी हवी होते." हुसेनबी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

ती गेल्यावर मी म्हणालो, "आणि शबनूर?"

"ती माझी हाय. तिला खरं सांगिन. माझ्या पोरीला माझा शब्द कळतोय."

गावात सांगितलेलं नेसरीला पोचायला आठ दिवस लागले. बांगड्या तर त्याआधीच बंद झाल्या होत्या; कुणी हात पुढं करेना. मग एका दुपारी शबनूर आली. कडेवर लहान मुलगी.

"अम्मी म्हणत्या, त्या पोरीसाठी खोटं बोलले. तुम्ही टाइप केलंय. तुम्ही सांगा."

"खोटंच आहे ते," मी म्हणालो. "तुझ्या आईचं नाही."

"मग कुणाचं?"

मला ते घर माहीत होतं. निळं दार माहीत होतं, त्या बाईचं नावही एव्हाना माहीत झालं होतं. हुसेनबीनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, अगदी पोटच्या पोरीला सुद्धा. मी कसं सांगणार?

शबनूरनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"अम्मी बी ह्याच प्रश्नाला गप बसल्या," ती म्हणाली. "तुम्ही म्हणताय ते खरं असतं तर त्या बाईचं एवढं नाव सांगायला काय झालं असतं?"

ती जिना उतरून गेली. मी तिला थांबवलं नाही.