अपक्षासाठी नेलेली शाल

माझे सासरे आयुष्यभर आमच्या तालुक्यातल्या एका अपक्ष आमदाराचे कार्यकर्ते. त्यामुळे ते अमेरिकेत हर्नडनला आमच्याकडे आले त्या हिवाळ्यात टीव्हीवर त्यांना अगदी ओळखीचं चित्र दिसलं. सिनेटमध्ये दोन्ही पक्ष जवळजवळ बरोबरीत आणि मधे दोन अपक्ष.

"चाबी त्यायच्याच हातात आहे, बाप्पा!" मामंजी म्हणाले. "कोणाकडं बसायचं ते ठरायच्या आत गाठलं पाहिजे. मग मागाल ते मिळते. आपल्या गावचा पूल असाच तर झाला."

मागायचं काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नागपूरच्या कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवत होते. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आले आणि कामाची परवानगीच नाही. ग्रीन कार्डाची रांग जागची हलत नव्हती. शिकवण्यावाचून जीव नुसता कोंडायचा. भांडी घासताना मी भिंतीला आम्ल आणि अल्कली समजावून सांगायचे. कायदा बदलला तरच सुटका होती.

"बाबा, इथे असं चालत नाही," नवरा म्हणाला. "आपण तर सिटिझनसुद्धा नाही."

"माणूस इथून तिथून सारखाच," म्हणत मामंजींनी त्याला गप्प केलं. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून बॅगेतली बरी शाल काढली, इंडियन स्टोअरमधून नारळ आणवला. मी हसायला हवं होतं. हसले नाही, कारण मलाही आशा वाटत होती. बुडत्याला काडीचा आधार असतो, मला तर अख्खा नारळ मिळाला होता.

वॉशिंग्टनला त्या अपक्षांपैकी एकाच्या ऑफिसात पोचलो. दारावरच्या मशीनमधून नारळ दोनदा गेला. आत डेस्कवरची मुलगी फार गोड बोलली.

"आपण कुठल्या राज्यातले?"

"व्हर्जिनिया."

"मग आपल्या राज्याच्या सिनेटरना भेटा ना. आणि सॉरी, भेटवस्तू आम्हाला घेता येत नाही."

मामंजींनी मला कोपराने ढोसलं. "कोणाकडं बसणार, ठरलं का विचार."

मी विचारलं. तिला नवल वाटलं. "ते तर त्यांनी निवडणुकीच्या प्रचारातच सांगितलं होतं!"

मी मराठीत सांगितलं. मामंजी बाहेर येऊन पॅसेजमधल्या बाकावर बसले. शाल मांडीवर, नारळ शेजारी.

"म्हणजे मागायची वेळच नव्हती," ते म्हणाले. "आधीच सांगून मोकळा झाला तो." त्यानंतर टीव्हीवर सिनेट दिसली की उठून आत जायचे.

परत जायच्या दिवशी एअरपोर्टच्या दारात बोचरं वारं होतं. मामंजींनी हातातल्या पिशवीतून ती शाल काढली आणि माझ्या खांद्यांवर घातली.

"राहू दे तुलेच. थंडी लय आहे इकडं."

आमच्या कॉलेजात कुणी रिटायर झालं की प्राचार्य अशीच शाल घालायचे, हातात नारळ द्यायचे, आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवायचो. मामंजींच्या हे मनातही नसणार. मी वाकून नमस्कार केला. चाळिशीलासुद्धा अजून अवकाश होता माझ्या. नारळ घरी ओट्यावर होता.