लादीवरचे लाल डाग

गौरी-गणपती गेले त्या दिवशी आमच्या लालबागच्या चाळीत जिन्यापासून दारापर्यंत गुलाल होता. घरातल्या लादीवरही लाल डाग दिसले. गुलालच असणार म्हणून मी ओल्या फडक्याने पुसून टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसले, पुन्हा पुसले.

बाबांना मधुमेह होता. मंडळाचे ते जुने कार्यकर्ते. गणपतीचे सगळे दिवस मंडपात अनवाणी वावरायचे, चपलेचं नाव काढलं तरी चिडायचे. सजावटीचा खिळा तळव्यात, करंगळीच्या खाली शिरला, पण बधिर पायांना कळलं नाही. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून आले तेव्हा करंगळी काळी पडली होती.

आणि मी कामाला कुठे? परळच्या प्रयोगशाळेत, अशाच जखमांच्या औषधावर. पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे. आपल्या त्वचेत असतात, बेडकाच्या कातडीतही सापडतात. अँटीबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंचं आवरण ते फोडतात. आमच्या काचेच्या बशीत जंतू पटापट मरत. उंदरांच्या खऱ्या जखमेत मात्र ते तुकडे टिकत नव्हते.

हॉस्पिटलात बाबा त्यांच्या मालवणीत म्हणाले, "तुझ्या त्या औषधाचो एक थेंब हाड गो. माझ्यावरच ट्रायल कर."

"बाबा, ते अजून औषध नाही. माणसाला द्यायची परवानगी नाही. अपाय झाला तर?"

"आता आणि काय होवचा ऱ्हवलाहा?"

मी थेंब आणला नाही. माझं चुकलं नाही हे आजही मला पटतं, आणि त्याने काडीचाही दिलासा मिळत नाही. संसर्ग वर चढत होता. पाय वाचवायला करंगळी काढावी लागली.

घरी आणल्यावर पट्टी बदलताना मला राहवलं नाही. म्हटलं, "ते रक्त मीच पुसलं बाबा. गुलाल समजून. दोन दिवस."

 ते म्हणाले, "रगत असा, ता माका कळला होता. सांगितलं असतं, तर तू माका विसर्जनाक सोडलं नसतंस गो."

माझं डोकंच फिरलं. नको नको ते बोलले त्यांना, आई मध्ये पडेपर्यंत. मग खाली बसले आणि त्यांच्या उरलेल्या चार बोटांमधल्या बेचक्या एकेक करून, बोट फिरवून तपासू लागले.

"पुरे गो, गुदगुल्यो होतत," म्हणत ते हसले.

त्यांना काहीच जाणवत नव्हतं. त्यांची नजर माझ्या बोटांवर होती.