शेवटचा हात

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही, मुलाला नाही, देवापुढेही तोंडातून काढलेली नाही. तुम्हाला सांगतो. मध्ये अडलो तर अडू द्या — चौथीपर्यंतची शाळा, तीही हिंदी. मराठी घरात बोलून आलेली.

धारला बदनावर रस्त्यावर माझं पंक्चरचं दुकान. आता मुलगा बघतो. काम माझं चोख होतं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण ते खरं आहे. हल्ली बाहेरूनच भोकात दोरी ठासतात आणि गाडी हाकलतात. मी टायर उतरवायचो, आतून घासायचो, सोल्युशन लावून वाळू द्यायचो, मग ठिगळ. आणि बसवण्याआधी आतून उघडा हात फिरवायचो, पुरा गोल. रस्त्यावरच्या तारेचं टोक रबरात मोडून राहतं, डोळ्याला दिसत नाही. बोटाला लागतं. तो शेवटचा हात माझा. दुकानात दुसऱ्या कोणाचा नाही — वसंताचाही नाही.

वसंता म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. अर्धं आयुष्य माझ्या शेजारी बसून टायर उघडले त्यानं. बसस्टँडकडे स्वतःचं दुकान टाकायचं त्याच्या मनात होतं. जागाही बघून ठेवली होती.

आता — कसं सांगू? माझी बोटं मेली होती. शुगरनं. एकदा ट्यूबचं ठिगळ चिकटवायच्या गरम प्रेसवर बोट टेकलेलं राहिलं, ते मला कातडी जळल्याच्या वासानं कळलं. ज्याचं सगळं नाव बोटांवर, त्यानं हे कोणाला सांगावं? नाही सांगितलं. हात फिरवत राहिलो, तोंड तसंच गंभीर ठेवून.

वसंतानं ओळखलं होतं. एका सकाळी लसणाची पोती भरलेली एक पिकअप आली, मंडीला निघालेली. खिळा काढला, टायरला आतून ठिगळ लावलं, ट्यूब जोडली. मी हात आत घातला तसा तो हळूच म्हणाला, "दाजी, एकदा मी बघू का?" हळूच — गाडीवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

"तू पाना धर," मी म्हणालो. "मला शिकवायला निघालास?"

गाडी बदनावरच्या अलीकडेच पुन्हा पंक्चर होऊन बसली. दुपारी गाडीवाला कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून, टायर मांडीवर घेऊन आला. "तार तो अंदर ही छोड़ दी भिया. मेरी तो मंडी गई."

शेजारच्या चहावाल्याकडे बसलेले सगळे वळून बघायला लागले. आणि मी काय केलं? वसंताकडे हात केला. म्हणालो, आखरी हाथ इसने फेरा था.

एवढंच. आवाजसुद्धा हलला नाही माझा.

चहावाला म्हणाला, "साले को दुकान पे रखोगे तो यही होगा, भिया." सगळे हसले. मीही हसलो — हेही सांगायलाच हवं ना? वसंतानं माझ्याकडे एकदा बघितलं. मग टायरमध्ये हात घातला, लगेच ती तार सापडली त्याला, पकडीनं ओढली, टायर जोडून दिला. बोलला नाही. बहिणीचं घर होतं ना माझं.

गोष्ट रस्ताभर पसरली. त्या नावावर त्याच्याकडे टायर कोण देणार? बसस्टँडकडची जागा दुसऱ्यानं घेतली. वसंता आता कन्नौदला एका धान्यवाल्याकडे पोती तोलतो.

भाऊबीजेला येतो. ओवाळून झालं, ताट वाढलं की त्याची बहीण दरवर्षी म्हणते, "त्या दिवशी हात नीट फिरवला असतास तर आज धारला स्वतःच्या दुकानावर बसला असतास." तो खाली बघून जेवतो.

आणि मी दरवर्षी मोठेपणानं म्हणतो — जाऊ दे गं, चुकतो माणूस.