उजव्या हाताचा शॉट

लॉरिट्सबद्दल मी समतोल बोलेन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. बावीस वर्षं मी या फिल्म स्कूलचं सामानघर सांभाळते, आणि लेन्समध्ये वाळू घालून आणणारा माणूस माझ्या डोक्यात जातो. लॉरिट्सने तीनदा आणली. तिसऱ्या वेळी वर म्हणाला, "बोदिल, समुद्राकाठी शाळा बांधलीत तर वाळू येणारच की." त्याचे आईबाप कोपनहेगनच्या बड्या वस्तीतले. त्याला आयुष्यात कुणी 'पुसून दे' असं म्हटलंच नसावं.

पण सांगायचं आहे ते टोराबद्दल. ती थ्युबोरॉनच्या मासेमारी बंदरातली. चोवीस वर्षांची, रुंद खांद्यांची आणि मितभाषी. चार वर्षं बर्फात मासे भरण्याचं काम करून ती आमच्याकडे आली होती. इथे साठ मुलं, वीस-एकवीस देशांची, आठ महिने एकत्र राहतात. सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात, प्राचार्यांनाही अरे-तुरे करतात आणि पाळीपाळीने सगळ्यांची भांडी घासतात. टोराचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं. तारांबळ उडाली की ती डॅनिशवर यायची आणि मग गप्प व्हायची. सामानघरात मात्र बोलायची, कारण मी डॅनिश आणि माझ्या हातात नेहमी काहीतरी काम असायचं.

शेवटच्या सत्रात सहाच चित्रपट होतात. प्रत्येकाने सगळ्यांसमोर पाच मिनिटं उभं राहून आपली गोष्ट सांगायची आणि मग शाळेने मतं द्यायची, अशी इथली पद्धत आहे. त्याच्या आदल्या दिवशी भांड्यांची पाळी टोरा आणि लॉरिट्सची होती. टोराने सरावासाठी म्हणून आपली गोष्ट त्याला इंग्रजीत सांगितली. मी शेजारच्या टेबलावर राय ब्रेड खात बसले होते, म्हणून मीही ती ऐकली.

गोष्ट तिच्या वडिलांची. आयविनच्या डाव्या हाताची दोन बोटं बोटीवरच्या, जाळं ओढायच्या विंचमध्ये गेली. घरी आल्यावर त्याला शर्टाची बटणंसुद्धा लावता येईनात. बायको पहाटेच कामावर जायची आणि तिला हे कळू द्यायचं नव्हतं. म्हणून तीन महिने रोज सकाळी बारा वर्षांची टोरा बापाची बटणं लावून द्यायची, आणि तेवढा वेळ तो भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. त्या घरात आजवर याबद्दल कुणी एक शब्द बोललेलं नाही.

"छान आहे," लॉरिट्स ताट पुसत म्हणाला. "भिंतीकडे बघतो हे तर फारच छान."

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या काढल्या. लॉरिट्सचा नंबर तिसरा आला, टोराचा एकोणिसावा. तिसऱ्या नंबरला लॉरिट्स उभा राहिला आणि त्याने एका मच्छीमाराची गोष्ट सांगितली. बोटं, बटणं, मुलगी, भिंत. साखरेत घोळवलेलं इंग्रजी आणि योग्य जागी घेतलेला श्वास. दोन पोरी रडल्या. एकोणिसाव्या नंबरला टोरा उठली, "माझ्याकडे काही नाही" म्हणाली आणि खाली बसली.

मीच तिला हाताला धरून मॉयराकडे नेलं. मॉयरा ग्लासगोची, दिग्दर्शन शिकवते, आणि एरवी मला ती आवडते. ती म्हणाली, "टोरा, गोष्टी कुणाच्या मालकीच्या नसतात. जो बनवतो त्याच्या होतात. कडू वाटेल, पण हेही शिक्षणच आहे." मला तिच्या कपातली कॉफी तिच्याच मांडीवर ओतावीशी वाटली.

मतं पडली आणि लॉरिट्सची गोष्ट सहांत आली. त्या आठवड्यात त्याने आपली टोळी जमवली आणि कंटिन्युइटीसाठी टोराला घेतलं. म्हणजे प्रत्येक शॉटमध्ये कप कुठे होता, कॉलर कशी होती, हात कुठला होता, हे कागदावर टिपत बसायचं काम. "बारीकसारीक सगळं तुलाच ठाऊक आहे ना," तो हसून म्हणाला.

"नाही म्हण," मी तिला सांगितलं.

"हो म्हणणार," टोरा म्हणाली. "मी त्याच्या शेजारी बसणार. तो कधीतरी चुकेल."

हे तिने इतक्या शांतपणे म्हटलं की मला बरं वाटलं. आता खरं ते सांगते, मला फारच बरं वाटलं.

चित्रीकरणाला चार दिवस मिळतात, पाचवा कुणालाही नाही. आणि एक नियम आम्ही पहिल्याच आठवड्यात मुलांच्या डोक्यात भरतो: जुळणी चुकली तर 'थांबा' म्हणायचा हक्क एकट्या कंटिन्युइटीवाल्याचा. बाकीच्यांनी आपापलं काम बघायचं, नाहीतर दहा जण दहा गोष्टी सुचवत बसतात. नियम चांगला आहे. फक्त त्यात तो एक माणूस इमानाने बोलेल असं गृहीत धरलेलं आहे.

तिसऱ्या दिवशी बटणांचा प्रसंग होता; बापाचे बाकीचे प्रसंग पहिल्याच दिवशी उरकले होते. बापाची भूमिका गावातला निवृत्त पोस्टमन ओलुफ करत होता. रीगाची इल्झे त्याची दोन बोटं दुमडून वर बँडेज बांधायची. पहिल्या दिवशी तिने आठवणीसाठी फोटो काढला तो मेकअपच्या आरशातला, म्हणजे डाव्याचा उजवा झालेला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो फोटो समोर ठेवून तिने ओलुफचा उजवा हात बांधला.

मी जास्तीच्या बॅटऱ्या घेऊन तिथे गेले होते. टोराने ओलुफकडे पाहिलं, मग मांडीवरच्या कागदाकडे, मग माझ्याकडे. मला लगेच कळलं. ओलुफलाही शंका आली असावी. त्याने हात तिच्यापुढे धरला आणि विचारलं, "काय गं, परवा हाच होता ना?"

"घट्ट तर नाही ना बसलं?" टोराने विचारलं.

"नाही, ठीक आहे."

तेवढ्यात लॉरिट्स कॅमेऱ्यावरच्या पोराला सांगत होता, "हे बटणांचं मला कुठून सुचलं कोण जाणे. अशा गोष्टी आपल्या आतच असतात बहुतेक."

तो हे बोलला नसता तर टोराने 'थांबा' म्हटलं असतं का, मला माहीत नाही. मी तरी म्हटलं असतं का, तेही माहीत नाही. मी बॅटऱ्या मोजायला लागले. नऊ टेक झाले. टोराने नऊच्या नऊ ओळींत प्रामाणिकपणे लिहिलं: उजवा हात.

आठवड्याभराने एडिटिंगच्या खोलीत बोंब उठली. आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या प्रसंगांत डावा हात, आणि चित्रपटाचा जीव असलेल्या प्रसंगात उजवा. त्यांनी शॉट आरशातल्यासारखा उलटा करून पाहिला. तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर उलटं झालं आणि शर्टाची बटणं बायकांच्या बाजूला गेली. लॉरिट्स टोराचा कागद घेऊन थेट माझ्या सामानघरात आला. टोरा केबल गुंडाळत होती.

"तू उजवा लिहिलंयस. म्हणजे तू पाहिलंस."

"पाहिलं."

"मग बोलली का नाहीस?"

"गोष्ट तुझी आहे, लॉरिट्स. कुठला हात ते तुझ्या आतच असेल, असं मला वाटलं."

मी हसले, आणि लपवलं नाही. तो मॉयराकडे तक्रार घेऊन जाऊ शकत नव्हता, कारण टोराने मुद्दाम असं का करावं हे त्याला आधी सांगावं लागलं असतं, आणि मॉयराला ते आधीच ठाऊक आहे याचा त्याला पत्ता नव्हता. तो प्रसंग कापणंही शक्य नव्हतं, कापला तर मागे उरतं काय? त्याने तो तसाच ठेवला आणि कुणाच्या लक्षात येणार नाही अशी आशा धरली.

जूनमधल्या शेवटच्या दिवशी आईबाप येतात, गावही येतं. चित्रपट संपला की बनवणाऱ्याने पुढे खुर्चीवर बसायचं आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, ही आमची जुनी रीत. टोरा या एका तासाची वाट बघत होती. तिने घरी फोनवर आपलं काम काय ते सांगितलं होतं, कुठला चित्रपट ते नाही. बाप बंदर सोडून कुठे जात नाही, असं ती म्हणाली होती. आयविन आला, डावा हात खिशात घालून, घराशेजारच्या विगो आणि त्याच्या बायकोबरोबर. तिने त्यांना जागा दाखवली आणि स्वतः माझ्या शेजारी येऊन बसली. मला वाटतं त्या क्षणी तिला बाप दिसतच नव्हता. तिची नजर लॉरिट्सच्या मानेवर होती.

बटणांचा प्रसंग आला. मागून कुणीतरी खुसखुसलं. मग पुढच्या रांगेत, मग सगळीकडे. मी सगळ्यांत मोठ्याने हसले. टोरा हसली नाही. दिवे लागले. गेंटहून आलेल्या एका आईने अगदी भोळेपणाने विचारलं, त्या माणसाचा अपघात दोनदा झाला होता का? लॉरिट्स खुर्चीवर ओठ चावत बसून होता. त्याला बोलायची मुभा नव्हती. आणखी चार जण हातावरच बोलले. मॉयराने खाली मान घालून काहीतरी लिहिलं. इतकं समाधान मला बावीस वर्षांत त्या सभागृहात मिळालं नव्हतं.

बाहेर केक आणि कॉफी होती. आयविनने टोराला सायकलींच्या बाजूला बोलावलं. मी कप घेऊन तिथेच उभी होते. मी डॅनिश आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, किंवा त्याला पर्वा नव्हती.

"ते बटणांचं तू सांगितलंस यांना," तो म्हणाला.

टोराने होकाराची मान हलवली.

"सुरुवातीला डावा हात दिसला आणि मला घाम फुटला. एका बाजूला विगो, दुसऱ्या बाजूला त्याची बायको. म्हटलं, संपलं. उद्या सगळं बंदर बोलणार. शर्ट घेऊन ती पोरगी आली तेव्हा मी उठून जाणारच होतो. आणि बघतो तर उजवा हात. लोक हसायला लागले. विगोसुद्धा हसला. मला म्हणतो, काय रे ही पोरं, यांना डावं-उजवं कळत नाही. त्याच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही बघ."

"बाबा..."

"कागद घेऊन बसायचं, चुका धरायच्या, हे काम तुझं ना? तू फोनवर म्हणाली होतीस."

"हो."

"मग मला तिथेच कळलं. नेमक्या त्याच जागी हात बदलला. मला झाकण्यासाठी केलंस तू ते." त्याने खिशातून डावा हात काढला आणि चारचौघांत तिच्या खांद्यावर ठेवला. "सांगायला नको होतंस, पोरी. पण सांभाळलंस मला."

टोराने माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं.

"हो, बाबा," ती म्हणाली.