पेटंटच्या वकीलबाई आणि आमचं पार्किंग

आधी चहा संपवा. हे ऐकताना तुम्ही हसणार, आणि चहा अंगावर सांडला की दोष पुन्हा माझ्यावर. आधीच माझ्या नावावर काय कमी जमा झालंय का!

लोक चुका करतात त्या एकेकट्याने. मी केली ती अख्खी सोसायटी सोबत घेऊन!

तर आम्ही राहतो बेव्हर्ली पार्कला. बिल्डिंगखाली पार्किंग आहे, पण कसं? एकामागे एक गाड्या. आतली काढायची तर बाहेरच्या सगळ्या हलवायच्या. रोज सकाळी आमचे वॉचमन यादवजी खालून ओरडायचे, "सावंत साब, गाड़ी हटाओ!" आणि वरून सावंतकाका तोंडात ब्रश धरून उत्तर द्यायचे. काय उत्तर द्यायचे ते ब्रशमुळे कळायचं नाही, ते एक बरं होतं.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. बसलो एका सुट्टीत आणि छोटा प्रोग्रॅम लिहिला. उद्या किती वाजता निघणार ते प्रत्येकाने संध्याकाळी मोबाईलवर टाकायचं. कुणी आत लावायची, कुणी बाहेर, ते प्रोग्रॅम सांगणार. खांबांवर पिवळ्या रंगाने नंबर घातले, गेटवर स्टिकर लावला. सगळं फुकट! आणि त्याचा कोडसुद्धा मी नेटवर उघडा ठेवला. घ्या, वापरा, हवं तर बदला, मला विचारूही नका. जवळच्या गोडदेवच्या सोसायट्यांनी घेतला, केबिन रोडच्या एकाने त्यात गुजराती घातली. मला कोण आनंद झाला!

सगळे खूश, एक सावंतकाका सोडून. काका मूळचे रत्नागिरीचे, आता रिटायर. सकाळी कुठे जायचंच नसतं, म्हणून प्रोग्रॅम त्यांची गाडी रोज भिंतीला चिकटवायला सांगायचा. काकांच्या मते हा त्यांच्याविरुद्ध कट होता.

असं सगळं छान चाललेलं. आणि मग शेजारच्या सोसायटीत एका कंपनीचा सेल्समन आला. माल तोच, फक्त चकचकीत, आणि दर महिन्याला पैसे भरायचे. वर सांगून गेला, "या पद्धतीच्या पेटंटसाठी आम्ही अर्ज केलाय. ते मिळालं की फुकटवाले सगळे बंद. वापरणाऱ्यांनाही कोर्टात खेचू."

मी त्यांची एक ओळ चोरलेली नाही. स्वतःचं डोकं चालवून लिहिलंय. पण पेटंट म्हणजे ती पद्धतच त्यांची! आपण आपल्या अकलेने लिहिलं तरी गुन्हेगार आपणच. म्हणजे गोडदेवच्या लोकांनी एक तर पैसे भरायचे, नाहीतर पुन्हा सकाळी ब्रश धरून ओरडायचं.

आणि त्याच आठवड्यात फोन आला. "नमस्कार, मी अ‍ॅडव्होकेट देशमुख. पार्किंगच्या पेटंटचं प्रकरण आहे ना, त्यासाठी तुमचा प्रोग्रॅम बघायचाय. रविवारी सकाळी आले तर चालेल?"

"या," म्हणालो आणि फोन ठेवला.

आमची सोनाली, म्हणजे बायको, भाजी निवडत होती. तिने विचारलं, "कुणाची वकील आहे ती?"

"पेटंटची!"

"अरे, पण कुणाच्या बाजूची?"

"पेटंटची म्हटलं ना! कंपनीचीच असणार."

"मग फोन करून विचार की."

"शत्रूला फोन करून विचारू? तुम्ही शत्रूच आहात ना, म्हणून?"

सोनाली पुन्हा भाजी निवडायला लागली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आता आमच्या सोसायटीचा एक गुण सांगतो. कुणीही फाईल घेऊन काही तपासायला आलं, की आमच्याकडे काहीच नसतं. गॅलरी बंद करून खोली काढलीय? छे हो, गॅलरी नव्हतीच कधी. गच्चीवर पत्रा? कुठली गच्ची? पिढ्यानपिढ्यांचा सराव असल्यासारखे सगळे एका सुरात बोलतात. म्हटलं, हाच गुण आज कामाला लावायचा.

शनिवारी मीटिंग घेतली. "उद्या बाई येतील. प्रोग्रॅम? कसला प्रोग्रॅम? आपल्याकडे कधीच काही नव्हतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. सोसायटीच्या ग्रुपवरची सगळी चॅट मी प्रत्येकाला साफ करायला लावली. ज्यांना जमेना त्यांचे फोन घेऊन स्वतः साफ केली, एवढा उत्साह! नेटवरचा कोड काढून टाकला. स्टिकर खरवडला. गणपतीच्या मखराचा पांढरा रंग उरला होता, तो खांबांवरच्या नंबरांवर फासला. आणि पुरावा नष्ट केल्याच्या समाधानात आडवा झालो. काय झोप लागली म्हणून सांगू!

रविवारी बाई आल्या तेव्हा खाली युद्ध चालू होतं. प्रोग्रॅम बंद ना! ज्याने त्याने मनाला येईल तशी गाडी लावलेली. एकाला साखरपुड्याला जायचं होतं, तो नव्या कुर्त्यात घामाघूम होऊन हॉर्न बडवत होता.

देशमुखबाई मोठ्या हौसेने आल्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्याकडे मोबाईलवरून पार्किंग लागतं असं ऐकलं. रेकॉर्ड केलं तर चालेल ना?"

"करा की!" मी छाती काढून म्हणालो.

बाईंनी फोन यादवजींच्या समोर धरला. यादवजी म्हणाले, "मोबाइल? ना मैडम। यहाँ तो गाड़ी भगवान भरोसे लगती है।" मागे इतका हॉर्न वाजत होता की अविश्वास ठेवायला जागाच नव्हती.

मग सगळ्यांना एकेक करून विचारलं. "कधीच नाही." "नाव पण नाही ऐकलं." एका काकूंनी तर "देवाशप्पथ" म्हणून गळ्याला हात लावला. बाईंचा चेहरा उतरत चाललेला, आणि मी मनात फुगड्या घालतोय. हरली! कंपनी हरली! आनंदाच्या भरात त्यांना घरी नेऊन कोथिंबीरवडी खाऊ घातली. सगळी सोसायटी मागोमाग दारात.

वडी संपवून बाईंनी सुस्कारा सोडला. "वाईट वाटलं हो. तुमच्यावरच सगळी भिस्त होती. बाकीच्या सोसायट्यांनी हे कंपनीच्या अर्जानंतर सुरू केलंय, त्यांचा उपयोग नाही. आपल्याकडे नुसत्या सॉफ्टवेअरला पेटंट मिळत नाही, म्हणून त्या कंपनीने त्याला एक डबा जोडलाय आणि यंत्र म्हणून अर्ज केलाय. आम्ही काही वकील फुकट सॉफ्टवेअरवाल्यांच्या बाजूने विरोध करतोय. त्यांच्या अर्जाच्या आधीपासून हे उघडपणे कुठेतरी वापरात होतं, एवढं दाखवलं असतं की झालं. पण तुमच्याकडे तर कधीच नव्हतं म्हणताय."

मी हातातली वडी पुन्हा बशीत ठेवली.

"होतं!" मी किंचाळलो. "होतं हो! तीन… चार… खूप वर्षं होतं!"

"होतं, होतं! खांबांवर नंबरपण होते!" मागून कोरस. देवाशप्पथवाल्या काकूंनी पुन्हा गळ्याला हात लावला.

बाईंनी हातातला फोन दाखवला. "आत्ताच तुम्ही सगळे 'कधीच नाही' म्हणालात, त्याचं रेकॉर्डिंग आहे यात. आता नुसत्या शब्दाला कोण विचारतंय? नेटवर कोड असेल तर तो दाखवा."

"काढून टाकला."

"ग्रुपवरचे मेसेज?"

"साफ केले."

"खांबांवर नंबर होते म्हणे?"

मी खाली बघितलं. माझ्या नखांत अजून पांढरा रंग होता. खरं सांगतो, रडू यायचंच बाकी होतं. कंपनीला जे जमलं नसतं ते मी एका शनिवारात करून टाकलं होतं, आणि तेही फुकट!

तेवढ्यात दारातून सावंतकाका खाकरले. "माझ्याकडं व्हिडिओ आहेत."

काका काय करायचे माहितीये? माझ्या प्रोग्रॅमच्या निषेधाचे व्हिडिओ करून नेटवर टाकायचे! बघणारी एकटी रत्नागिरीची मेव्हणी, पण जगाला खुले. बाईंनी पहिला लावला. काका खांबाच्या पिवळ्या नंबराशी उभे, हातातली स्क्रीन कॅमेऱ्यासमोर, आणि त्वेषाने सांगतायत, "लोकहो, बघा! आमच्या सोसायटीत एक गाढव आहे. ते गाढव घरबसल्या सांगतं कोणी गाडी कुठं लावायची. इथं वेळ टाकायची, मग हे असं उत्तर येतं…" पुढे पद्धत इतकी सविस्तर समजावलेली की मलाही तशी सांगता आली नसती. खाली तारीख. कंपनीच्या अर्जाच्या कितीतरी आधीची.

बाई उभ्याच राहिल्या. "काका, सोनं आहे हे सोनं!" काकांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरचा चहा मागून घेतला.

विरोध दाखल झालाय. निकाल यायचाय, पण बाई निर्धास्त आहेत. कोड पुन्हा नेटवर आहे, नंबर पुन्हा पिवळे आहेत, आणि काका रोज भिंतीला गाडी लावून मला दहा शिव्या देतात. मी निमूट ऐकतो, पुरावा आहे तो.

फक्त एक कायदेशीर अडचण आली. व्हिडिओत काकांनी माझं नाव कुठेच घेतलेलं नाही. मग हा प्रोग्रॅम माझाच, हे सिद्ध कसं करायचं? त्यासाठी नोटरीकडे जाऊन स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करावं लागलं. टायपिस्टने मजकूर बघून दोनदा विचारलं, "साहब, पक्का यही लिखना है?"

"मी शपथेवर लिहून देतो की, सदर व्हिडिओमध्ये ज्याचा 'गाढव' असा उल्लेख आहे, तो इसम मीच आहे."

साक्षीदार म्हणून सोनालीने सही केली. मजकूर वाचायलासुद्धा थांबली नाही.