सुमेधाचं पिवळं व्हायोलेट

फोन वाजला तेव्हा मी अमेरिकेत, आमच्या ईडन प्रेरी गावातल्या तळ्यामागच्या रानात, ओल्या पाचोळ्यावर पालथी पडून वीतभर उंचीच्या एका रोपाचा फोटो काढत होते. मे महिन्यातला रविवार होता. फोनवर सुमेधाचा नवरा, प्रसाद. "कुठायस?... सुमेधा गेली गं." त्या रानात मला तिनंच पाठवलं होतं.

आमची मैत्री सहा वर्षांची. दोघींचे नवरे आयटीत, दोघी डिपेंडंट व्हिसावर, नोकरीला मनाई. मी टीव्हीसमोर दिवस ढकलायचे. ही मात्र नागपूरची बॉटनीतली एम.एस्सी., मुलीचा स्ट्रोलर ढकलत रानात शिरायची आणि मलाही ओढून न्यायची. पहिल्याच वसंतात तिला एक पिवळं फूल दिसलं. "हे इथलं रानटी व्हायोलेट," ती म्हणाली. मी हसले. "व्हायोलेट, आणि पिवळं?" तिनं मला हात धरून खाली बसवलं. "रंग सोड, पानं बघ. लॉनमधल्या जांभळ्याची पानं नि फुलं वेगवेगळी, थेट जमिनीतून येतात. याची पानं खोडावर, आणि पानाच्या बगलेतून फूल. ही बारीक लव... हात लावून बघ." तिथल्या झाडाफुलांची ती टिपणं काढायची; ती रानाची देखरेख करणाऱ्या पार्कच्या बाईंनी वाचली आणि पुढल्या वसंतापासून लोकांना रान दाखवायचं काम तिच्यावर सोपवलं. बिनपगारी. पण त्या दिवशी मला मिठी मारून ती म्हणाली, "यार, इथं मला कुणीतरी काहीतरी विचारलं!"

गेल्या हिवाळ्यात कॅन्सर कळला. मे उजाडला तेव्हा तिला उठवत नव्हतं. "माझं फूल आलंय का, बघून ये ना." मी गेले, फोटो काढला, प्रिंट तिच्या हातात दिली. तिनं बराच वेळ पाहिलं. "छान आलाय. पण नुसतं फूलच काढलंस गं... पानं कुठायत? यावरून मी काय सांगू?" सहा वर्षं ती मला हेच शिकवत होती, आणि मी तेवढंच विसरले. "रविवारी परत जा," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

महिन्याभरानं नवा फोटो घेऊन मी त्यांच्याकडे गेले. खोड, पानं, लव, सगळं त्यात होतं. प्रसादनं तो दोन्ही हातांत धरला. "हेच का ते?" तो कधी रानात आलाच नव्हता. "हेच," मी म्हटलं. बोलता बोलता मी डायनिंग टेबलाची खिडकीकडची खुर्ची ओढून बसले, तेव्हा पाठीला काहीतरी टोचलं. खुर्चीच्या पाठीला दोरीनं अडकवलेलं तिचं भिंग होतं, रानात पानांवरची लव बघायचं. मी गडबडून उठू लागले.

"बस गं," प्रसाद म्हणाला. "महिनाभर कुणी बसलंच नाहीये तिथं."

मी बसून राहिले.